चौथा कोपरा
चिकन सूपचा वास आला की मला लीड्समधलं ते नवं भाड्याचं घर आठवतं. नवरा आयसीयूत होता आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. मेक्सिकोतल्या माया जमातीची आमची शेजारीण सूपचं पातेलं घेऊन आली. म्हणाली, "घराला जीव असतो. तुम्ही आल्या आल्या त्याला जेवू घातलं नाहीत. उपाशी घर माणूस खातं." तीन कोपऱ्यांत तिने कार्पेट उचलून सूप ओतलं. चौथ्यात माझे देव होते. आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नव्हतं. ती थांबली, तसे मी देव उचलून बेडवर ठेवले आणि म्हटलं, "इथे जरा जास्तच ओत." नवरा घरी आलाच नाही. अजूनही वाटतं, देवांचा कोपरा आधी घ्यायला हवा होता.