सर्जिकल वॉर्डातले जावईबापू

जावईबापू तत्त्वज्ञानाचे एम. ए. होते. कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा वर्गात मोजकी मुलं होती. पुढे एकच उरला, आणि तोही तिथला पंखा चांगला लागतो म्हणून येई. शेवटी विभागच बंद झाला. त्याच सुमारास जावईबापू अपेंडिक्ससाठी इस्पितळात पडले. शेजारच्या खाटेवर एक अवाढव्य गृहस्थ होते. नर्सने त्यांना खाली न उतरवता, नुसतं या कुशीवरून त्या कुशीवर वळवून अंगाखालची चादर बदलली. जावईबापू आ वासून बघत राहिले. इतकी वर्षं वाद घातले, निष्कर्ष कधी निघाला नाही. इथे निदान चादर तरी निघाली!

बरे होताच त्यांनी नर्सिंगला प्रवेश घेतला.

"माझी काही हरकत नाही," बायको म्हणाली. "पण बाबांना तू सांग."

त्यांनी सांगितलंही. पण सासरे निवृत्त मुख्याध्यापक. नको ते ऐकू न येण्याची कला त्यांनी शाळेतच कमावलेली. जावयाचं शिक्षण झालं, नोकरी लागली, तरी चारचौघांत ते 'आमचे प्राध्यापक' अशीच ओळख करून देत राहिले. मग त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि खाट मिळाली ती नेमकी जावयाच्याच वॉर्डात.

दुपारी त्यांचे वकील मित्र भेटायला आले. जावईबापू तेव्हा शेजारच्या रुग्णाचं झाकलेलं बेडपॅन घेऊन निघाले होते.

"हे आमचे जावई, प्राध्यापक," सासरे घाईघाईने म्हणाले. "सहज भेटायला आलेत."

"आणि हातात काय?"

"संशोधन."

"अरे वा! कशावर?" वकिलांनी जावयालाच विचारलं.

"मूलभूत गरजांवर," जावईबापू नम्रपणे म्हणाले आणि संशोधन घेऊन चालते झाले.

खरी पंचाईत पुढेच झाली. सासऱ्यांना लघवी होईना. सगळा वॉर्ड जावईबापूंना 'ब्रदर' अशी हाक मारायचा, पण जावयाला भाऊ कसं म्हणायचं? बरं, 'जावईबापू' म्हणून ओरडावं तर सगळे माना वळवून बघणार. बिचारे ओठ आवळून, घामाघूम होऊन छताकडे बघत पडून राहिले.

जावयाने पोटावर हात ठेवला आणि ओळखलं. "बाबा, कधीपासून झाली नाही?"

"आपल्या घरात हा विषय काढत नाहीत."

"मग डॉक्टरांना विचारून नळी घालावी लागेल. त्याआधी एक करून बघू."

त्यांनी पडदा ओढला, सासऱ्यांना आधार देऊन खाटेशी उभं केलं, हातात भांडं दिलं, बेसिनचा नळ सोडला आणि पाठ फिरवली. नळ वाहत राहिला. बाकी काही नाही.

"बोला हो काहीतरी," सासरे कण्हले. "शांततेत लाज वाटते."

जावईबापूंना बोलण्यासारखं एकच येत होतं. काळ वाहतो की आपणच वाहत असतो, यावर त्यांनी व्याख्यान सुरू केलं. आजूबाजूच्या खाटा कान देऊन ऐकू लागल्या. ऐन मुद्द्यावर पडद्याआडून आरोळी आली, "ब्रदर! झाली!"

वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. एकाने मात्र काळजीने विचारलं, "पण काळाचं काय ठरलं?"

हल्ली दर रविवारी सासरे बागेतल्या मित्रांना घेऊन लेकीकडे येतात. म्हातारे बाह्या सरसावून सोफ्यावर ओळीने बसतात आणि जावईबापू एकेकाचा रक्तदाब तपासतात.

"बाबा, त्याचा हा सुट्टीचा दिवस आहे!" लेक चिडते.

"तू मध्ये बोलू नकोस," सासरे म्हणतात. "तुला यातलं काय कळतंय? तू नुसती इंजिनियर."