मुक्ताचं जाकीट आणि माझी मदत

माझ्या बायकोने स्वतःच्या हाताने केलेल्या लोकरीच्या जाकिटात आजपर्यंत एकही माणूस शिरू शकलेला नाही. याचं सगळं श्रेय माझं आहे.

आमची मुक्ता नोकरीसाठी जर्मनीला निघाली होती. शुक्रवारचं विमान. पोरीच्या अंगावर आईच्या हातचं काहीतरी असलंच पाहिजे, असं सुनंदाने (म्हणजे आमच्या हिने) ठरवलं. ती नुकतीच एका कार्यशाळेत लोकरीचं जाकीट करायला शिकून आली होती. यात विणायचं नाही, शिवायचं नाही. पिंजलेली लोकर थराथराने पसरायची, साबणाचं गरम पाणी शिंपडायचं आणि चटईत गुंडाळून लाटत बसायचं. तंतू एकमेकांत असे अडकतात, की त्याचं कापडच होतं म्हणे.

"एवढं सोपं असतं तर मेंढ्यांनीच केलं असतं," मी म्हणालो.

"तुम्ही फक्त लाटा. डोकं चालवू नका."

सोमवारी सकाळी वाघोलीच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल लोकरीने भरलं. खाली जाकिटाची पाठ, वर पुढची बाजू. साबणाचं पाणी शिंपडून सुनंदा आणखी पाणी तापवायला आत गेली आणि मला दोन थरांमधून प्लास्टिकचं टोक डोकावताना दिसलं. विसरली वाटतं बिचारी! मी हळूच ओढलं. साबणामुळे ते सुळकन बाहेर आलं. चांगलं जाड प्लास्टिक होतं हो. आमच्या घरात दुधाची पिशवीसुद्धा धुऊन वाळत घालतात, हे कोण टाकणार? खाली जाऊन मी ते स्कूटरच्या फाटक्या सीटवर चढवलं, वर आलो आणि सांगितल्याप्रमाणे लाटायला बसलो. दोन तास लाटलं. (जन्मात एक पोळी लाटली नव्हती.)

बुधवारी जाकीट वाळलं. सुनंदाने गळ्यात बोटं घालून पाहिली. शिरेनात. बाह्यांच्या जागी घातली. तिथेही नाही. पुढची बाजू आणि पाठ पार एकजीव झाल्या होत्या.

"थर चिकटू नयेत म्हणून मधे प्लास्टिक घातलं होतं मी," ती म्हणाली. "गेलं कुठे?"

मी पेपर वर धरला. ती भाजी आणायला म्हणून खाली गेली आणि दोन मिनिटांत रिकाम्या पिशवीनिशी परत आली.

"स्कूटरला थंडी वाजत होती का?"

"मला वाटलं, तू विसरलीस."

तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. नुसती त्या लोकरीवरून हात फिरवत बसली. पुन्हा करायला ना लोकर होती, ना वेळ. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मुक्ता आली. तिने ते जाकीट दाबून पाहिलं, खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर बसली.

"आई, हे मी नेणार. तिकडे दिवसभर बसूनच तर काम आहे."

"अगं, जाकीट आहे ते."

"असू दे. तू केलंयस आणि बाबांनी लाटलंय."

सुनंदाने डोळ्यांना पदर लावला. मी पुन्हा पेपर वर धरला.

महिन्याभराने मुक्ताचा फोन आला. ऑफिसातल्या मैत्रिणीला अगदी तसंच आसन हवं होतं. टेबलावर पुन्हा लोकर पसरली. मी शहाण्यासारखा गॅलरीत जाऊन बसलो. थोड्या वेळाने आतून हाक आली.

"अहो, या. नुकसान करायची वेळ झाली."

मी बाह्या सरसावून गेलो. छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्यावाचून तिचं काही अडण्याची ही पहिलीच वेळ होती.