मॅडमचा ऐच्छिक पेपर

युद्धावरची कादंबरी शिकवताना आमच्या मॅडम युद्धाची पानं सरळ उलटून टाकायच्या. "गोळीबार घरी वाचा," म्हणायच्या, "वर्गात आपण घर वाचू." खंदकात बसलेल्या नायकाची बायको त्या वेळी काय करत होती, हे लेखकानं कुठं सांगितलंय, ते शोधायला त्यांनी पहिल्याच तासाला आम्हाला लावलं. आम्ही पानं चाळून थकलो, सापडलं काही नाही. "नसणारच!" मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की जणू आम्ही बरोबर उत्तर दिलं होतं. त्या तासानंतर निम्मी मुलं दुसऱ्या पेपरला निघून गेली.

एम.ए. इंग्रजीचा हा ऐच्छिक पेपर होता. युरोपातल्या दोन महायुद्धांच्या काळात नव्या पद्धतीनं लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्या. आम्ही सगळे औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांतून आणलेल्या गाईडवर जगणारे. एका गाईडमध्ये 'स्त्री-पात्रे : गौण' असं छापलं होतं. मॅडमनी ते वाचलं आणि त्यांचा पारा चढला. "गौण? दारावर थाप पडली की तार आली म्हणून जिच्या पोटात गोळा येतो, ती गौण?" कादंबरीतल्या नर्सवर तर त्यांचा खास जीव. लेखक तिला एक तर देवी करतो, नाही तर नायकाच्या गळ्यातली धोंड. "दिवसभर उभी असते ती. तिचे पाय दुखतात असं एकानं तरी लिहावं!" आणि एकदा खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, "या लोकांनी वाक्यं मोडली, काळ मोडला, सगळं नवं केलं. बाई तेवढी जुनीच ठेवली." मी आजही याहून चांगली समीक्षा वाचलेली नाही.

मी देवगाव रंगारीची. माझा भाऊ फौजेत. हे कळलं की जो तो विचारायचा, भाऊ कुठं असतो, सुट्टी कधी. मॅडमनी विचारलं, "वहिनीचं नाव काय?" मला ते आठवावं लागलं. घरी ती वहिनी, गावात फौजीची बायको. "सुरेखा," मी म्हटलं. त्या दिवसापासून मॅडम भेटल्या की आधी सुरेखाची चौकशी, मग माझ्या अभ्यासाची.

मॅडम सिडकोत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. आईवडिलांचं आजारपण काढता काढता लग्न राहून गेलं होतं, भाऊ परगावी. एकदा पुस्तक आणायला गेले, तर आतून करपल्याचा वास. वाचता वाचता डाळ विसरली होती. "रोजचंच आहे," म्हणाल्या. "दुसरं कुणी जेवायला असतं तर लक्ष राहिलं असतं." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मला त्या घरातून लवकर निघावंसं वाटलं आणि निघवतही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी तो पेपर घेणारी मी एकटीच उरले. मॅडमचं ते निवृत्तीचं वर्ष. मी सोडला तर पेपर बंद, आणि शेवटच्या वर्षी मॅडमना शिकवायला त्यांचा वर्गच नाही. नेमकं तेव्हाच वहिनीला दिवस गेलेले, डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. भावाला रजा मिळेना, आईचे गुडघे धरलेले. मला गावी जाणं भाग होतं. मी मॅडमना सांगायला गेले तेव्हा रडूच आलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "देवगावला एसटी किती वाजता असते?"

पुढच्या रविवारी कडक इस्त्रीची साडी नेसून, खांद्याला पर्स लावून मॅडम आमच्या दारात हजर. शहरातली बाई रविवारी लग्नाच्या मुलीच्या घरी आलेली पाहून गल्लीला काय वाटायचं ते वाटलंच. शेजारच्या काकू लगोलग आत आल्या. आईनं तर पोहे भिजत घातलेसुद्धा.

"मुलगा काय करतो म्हनायचा?" काकूंनी विचारलं.

"मुलगा नाही," मॅडम म्हणाल्या. "पेपर आहे."

काकूंचा विश्वास बसला नाही. पुढं कितीतरी दिवस त्या आईला विचारत होत्या, "व्हय गं, त्यांचं काई उत्तर आलं का?"

मग दर रविवारी मॅडम मला शिकवायला यायच्या. वहिनी खाटेवर पडून ऐकायची. मॅडम तिच्यासाठी गोष्ट मराठीत सांगायच्या. बाई कारखान्यात बॉम्बगोळे भरते, पगार घेते, आणि लढाई संपल्यावर तिला घरी पाठवतात, तिथवर आल्या की वहिनी उशीवरून मान उचलायची. "आन् मंग ती गप गेली घरी?" "लेखक म्हणतो गेली." "त्याला काय म्हाईत!" वहिनी म्हणायची. मॅडम खळखळून हसायच्या. दुपारी बाजरीची भाकरी आणि ठेचा दोनदा मागून घ्यायच्या. वर्गात मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

वहिनीला मुलगी झाली, माझी परीक्षा झाली, मॅडम निवृत्त झाल्या, पेपर बंद झाला. शेवटच्या रविवारी वहिनी म्हणाली, "मॅडम, आता पेपर नाय तर नाय, पन येत जा. लई सवय झाली तुमची." मॅडम "हो हो" म्हणाल्या. आल्या मात्र नाहीत. फोन केला की तब्येतीचं, उन्हाचं कारण.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. त्याआधी दिवाळीच्या सुमारास मी त्यांना शेवटचं भेटले. तोवर मी गंगापूरला शिकवायला लागले होते. रविवार होता, न कळवताच गेले. दार उघडलं तर मॅडम कडक इस्त्रीच्या साडीत, खांद्याला पर्स.

"कुठं निघालात?"

"कुठं नाही गं. रविवारी नेसून बसते. जरा बरं वाटतं."

मी म्हटलं, "चला मॅडम. खाली रिक्षा थांबवते, तशाच स्टँडवर जाऊ. सुरेखानं कधीचं बोलावलंय."

"काही काम आहे का?"

"काम कशाला? नुसतं जेवायला."

त्या उठल्याही. चप्पल पायात सरकवली, दाराच्या कडीला हात लावला. मग तशाच थांबल्या आणि पुन्हा खुर्चीत बसल्या.

"नुसतं जेवायला कसं जायचं," मॅडम म्हणाल्या, "ते मला येतच नाही गं."