आधीच भरलेलं शेवटचं पान

मामाच्या केबिनबाहेर हल्ली लोक वैतागून उभे असतात. पूर्वी पंधरा मिनिटांत अर्ज भरून मिळायचा, आता पाऊण तास लागतो, कारण मामा शेवटच्या पानावरचा एकेक प्रश्न मोठ्याने वाचतो आणि समोरच्याने तोंडाने उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. नेहमीची काही गिऱ्हाइकं तर पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे वळली. मामाला ही अवदसा माझ्यामुळे आठवली. माझ्या प्रवेशाचं काय झालं ते अजून कळलेलं नाही, समितीचं पत्र यायचं आहे.

मामा तीस वर्षं लोकांचे अर्ज भरून देतोय. नोकरीचे, परवान्याचे, प्रवेशाचे. कचेरीच्या जिन्याखाली दोन खुर्च्या मावतील एवढी त्याची केबिन. आधी टाइपरायटर होता, आता संगणक आहे, पण त्याच्या बोटांना हे कुणी सांगितलेलं नाही. कीबोर्ड असा बडवतो की वर्षाला एक कामातून जातो. कुठल्या अर्जाला किती फोटो लागतात, कुठली खिडकी जेवायच्या सुट्टीनंतर उघडतच नाही, सगळं तोंडपाठ.

त्याने एक युक्ती काढली होती आणि तिचा त्याला कोण अभिमान. अर्ज कुठलाही असो, शेवटच्या पानावर प्रश्न तेच. कोर्टात शिक्षा झाली आहे का, नोकरीवरून काढून टाकलं आहे का, कॉलेजने शिस्तभंगाची कारवाई केली आहे का. मामाने ही शेवटची पानं आधीच छापून गठ्ठा करून ठेवली होती. सगळीकडे ‘नाही’, आणि खाली ‘अर्ज भरून देणारा’ म्हणून त्याचा शिक्का. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत पान तयार, नुसती सही ठोकायची. “हो म्हणणारी माणसं अर्ज करायला येत नाहीत,” असं तो सांगायचा.

मी आले होते.

मी मामा-मामीकडे राहून बी.एस्सी. केलं. मामीची दवाखान्यात सकाळची पाळी, त्यामुळे माझा डबा मामा करायचा. दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्राचे चार प्रयोग मी केलेच नाहीत. जर्नलमध्ये आकडे मनाने लिहिले आणि खाली सरांची सही मीच करून टाकली. मला कुणी भरीला घातलं नव्हतं. कंटाळा आला होता, आणि सरांची सही हुबेहूब जमते याची ऐटही होती. पकडले गेले. समितीपुढे उभं केलं, पंधरा दिवसांसाठी निलंबित केलं. नोटिशीवर पालकाची सही आणायची होती. पालक म्हणजे मामा. त्याची सही तर सरांच्या सहीपेक्षा सोपी निघाली.

ते पंधरा दिवस मी रोज वेळेवर डबा घेऊन बाहेर पडत होते आणि संध्याकाळी वेळेवर परत येत होते. मामा विचारायचा, आज काय शिकवलं? मी काहीतरी ठोकून द्यायचे. त्याला रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे तो कौतुकाने ऐकायचा.

पुढे मला वकील व्हायचं डोक्यात आलं. हसा, मीही हसले असते. परीक्षा चांगली गेली आणि कायद्याच्या कॉलेजचा अर्ज भरायला मी अर्थातच मामाकडे बसले. त्याने कीबोर्ड बडवला, गठ्ठ्यातून शेवटचं पान काढून माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, सही करा वकीलबाई. सहावा, शिस्तभंगाचा प्रश्न मी वाचला. पुढचं ‘नाही’ही वाचलं. मामा पेनाचं टोपण काढून, पेन पुढे करून बसला होता. मी सही केली. या खेपेला सही निदान माझी स्वतःची होती, आणि तिचीच मला जास्त लाज वाटते.

यादीत नाव आलं. मामाने अख्ख्या जिन्याला सांगितलं. चारच दिवसांनी कॉलेजने कळवलं की जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांचं वर्तणुकीचं पत्र आणा. त्या पत्रात निलंबन येणारच होतं. खरं सांगते, ते पत्र मागितलं नसतं तर मी जन्मभर तोंड उघडलं नसतं.

प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाई माझ्यासारख्या बऱ्याच जणींना बघून चुकलेल्या दिसल्या. त्या ओरडल्या नाहीत. दुरुस्तीचा अर्ज करा म्हणाल्या, नोटिशीची प्रत जोडा, आणि खाली शिक्का आहे त्या गृहस्थांचीही सही आणा. मी विचारलं, प्रवेश राहील ना? त्या म्हणाल्या, “कारवाई झालेली मुलं आम्ही घेतो. लपवलेली घ्यायची की नाही, ते समिती ठरवते.”

नोटिशीची प्रत घेऊन मी भर दुपारी केबिनमध्ये गेले. गिऱ्हाईक नव्हतं. सगळं एका दमात सांगितलं. मामाने प्रत हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून खालची आपली सही पाहिली. बराच वेळ पाहिली. मला वाटलं, आता फाडकन आवाज येणार. पण त्याने कागद बाजूला ठेवला, संगणकाकडे वळला आणि टाइप करायला लागला. छापलेला कागद माझ्यापुढे आला, तोही पेनासकट. ‘अर्ज भरून देणाऱ्याच्या नजरचुकीने “नाही” असे छापले गेले. अर्जदारास याची कल्पना नव्हती.’

ज्याची सही मी चोरली, तो माणूस माझा दोष अंगावर घेत होता. आणि तीस वर्षांचं नावही त्याबरोबर घालवत होता. मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. पेन उचललं होतं मी.

“मामा, मला कल्पना होती,” मी म्हटलं. “मी वाचून सही केली.”

त्याने गठ्ठ्याकडे हात नेला आणि तयार पानं सगळी उलटी करून ठेवली, कच्च्या कामाला मागची बाजू येईल म्हणून. मग संगणकावर कोरं पान उघडलं आणि माझ्याकडे न बघता, खिडकीबाहेरच्या कुणालाही विचारावं तशा आवाजात वाचायला लागला.

“कॉलेजने तुमच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई केली आहे का?”

“हो.”

“कारण?”

“जर्नलमध्ये सरांची सही मी केली. चार प्रयोगांवर.”

त्याने टाइप केलं. नोटीस पालकांनी पाहिली होती का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, ती सहीही माझीच. तेही त्याने टाइप केलं. मग आपल्याबद्दल एक ओळ घातली, की शेवटचं पान आपण आधीच भरून ठेवत होतो, अर्जदाराला विचारलं नाही. ती ओळ टाकू नकोस म्हणून मी हातापाया पडले. त्याने ऐकलं नाही. कागद छापला, खाली खरी सही केली, शिक्का मारला, आणि शाई वाळेपर्यंत तसाच धरून बसला.

मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. पुढचा प्रश्न कुठल्याच अर्जात नव्हता.

“ते पंधरा दिवस डबा कुठे खात होतीस?”

“वाचनालयाच्या जिन्यावर.”

“एकटीच?”

मी मानेनेच हो म्हटलं. मामाने कागद माझ्या हातात दिला आणि खिडकी बंद व्हायच्या आत पोचायला सांगितलं.