आईची धास्ती

आमच्या गावात माझ्या आईला बायका माघारी 'भित्री लीला' म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मी जेवायला बसले की ती माझ्या ताटाकडं नाही, हाताकडं बघायची. हात थरथरतोय का, कपाळाला घाम आलाय का, बोलताना जीभ अडखळतीय का. शाळेतून यायला जरा उशीर झाला की रस्त्याच्या वळणापर्यंत चालत यायची, आणि मी दिसले की तशीच माघारी फिरायची. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी सांगलीत नोकरी करते, संसार करते. हे एवढं तिनं कशातून घडवलं ते सांगायचं म्हटलं तर तिच्या भीतीपासूनच सुरुवात करावी लागते.

आईचं माहेर म्हसवडचं. मामा सांगतात, लहानपणी लीला कशालाच भ्यायची नाही. विहिरीच्या काठावर पाय सोडून बसायची, अंगावर येणाऱ्या खोंडाला हातानं वळवायची. लग्न होऊन ती तासगावजवळच्या आमच्या गावी आली. माझे वडील, कृष्णात त्यांचं नाव, फौजेत होते. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. बाकी घर, थोडी द्राक्षबाग आणि आजीची मर्जी हे सगळं आईकडं. आजी म्हणजे वडिलांची आई, हरणाबाई. शब्दाला जड, मनात आलं ते तोंडावर बोलणारी.

एक्क्याण्णव साली, मी नऊ वर्षांची असताना, अंगानं उतरायला लागले. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे आणि तहान जायची नाही. वर्गातून सारखी उठून बाहेर जायचे. आजी म्हणाली, "पोरीला भाईरचं झालंय. देवरुशाला दावू."

आईनं 'व्हय' म्हटलं. पण एका सकाळी न्हाणी धुताना तिला दिसलं, मी लघवीला बसले होते तिथं मुंग्यांची रांग लागली होती. तिनं खराटा तिथंच टाकला, मला कपडे घातले आणि मिरजेच्या एसटीत बसवलं. मागोमाग आलेल्या आजीला सांगितलं ते गाडी हलताना, खिडकीतून.

मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आईला समोर बसवून सांगितलं, पोरीच्या अंगात इन्शुलिन तयार होत नाही, ते बाहेरून टोचून द्यावं लागेल.

"कवापातूर द्यायचं?" आईनं विचारलं.

"कायमच. रोज सकाळी आणि संध्याकाळी, जेवणाआधी."

"आन एकांद्या टायमाला चुकलं तर?"

डॉक्टर चांगले होते, पण त्यांच्या मागं पेशंटची रांग होती. ते म्हणाले, "चुकवायचं नाही, बाई."

हे एक वाक्य आईच्या अंगात जाऊन बसलं ते शेवटपर्यंत. मामांची ती न भिणारी बहीण त्या खुर्चीतच संपली असावी, असं मला वाटतं.

नर्सनं तिला मोसंबीत सुई टोचायला शिकवलं. घरी आल्यावर तिनं आधी स्वतःच्या मांडीत नुसती सुई खुपसून बघितली. किती दुखतं ते कळल्याशिवाय पोरीला कसं टोचायचं, असं तिचं म्हणणं. मग रोजचं सुरू झालं. सकाळी स्टोव्हवर एका पातेल्यात काचेची सिरिंज उकळायची. दुसरीकडं परीक्षानळीत निळं औषध आणि माझ्या लघवीचे थेंब घालून ती नळी चिमट्यानं आचेवर धरायची. साखर नसली की रंग निळाच राहायचा, मग बरं. हिरवा झाला तर चालेल. पिवळा झाला की तिच्या कपाळाला आठी. विटकरी झाला की त्या दिवशी आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

इन्शुलिनची बाटली थंड ठेवावी लागे आणि आमच्याकडं फ्रीज नव्हता. आईनं मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान गाडगं बसवलं आणि बाटली त्यात ठेवली. वाळूवर दिवसातून कितीदा तरी पाणी शिंपडायची. एक जादा बाटली मात्र भाऊसोंच्या फ्रीजमध्ये असे. भाऊसो आमच्या भावकीतले, बेदाण्याचे व्यापारी. गावात पहिला फ्रीज त्यांचा. त्यांची बायको धोंडुबाई दर वेळी नाक मुरडायची, "दुधाशेजारी सुईचं औषध ठिवायचं व्हय?" आई खाली मान घालून उभी राहायची आणि बाटली ठेवून यायची.

माझ्या शाळेच्या झग्याला तिनं आतून एक खिसा शिवला होता. त्यात मूठभर बेदाणे. साखर एकदम उतरली, चक्कर आली, तर लगेच तोंडात टाकायचे. बायका हसायच्या, शुगरच्या पोरीच्या खिशात बेदाणं! आईला हसणं ऐकू यायचं नाही. मधल्या सुट्टीत ती शाळेच्या दगडी गडग्यापलीकडं येऊन उभी असायची. मला लाज वाटायची. मी सांगून बघितलं, चिडून बघितलं. मग ती गडग्यापासून जरा लांब, बाभळीखाली उभी राहायला लागली.

वडील सुट्टीवर आले की हे सगळं बघायचे. एकदा जेवताना म्हणाले, "लीले, तू लय भितीस बग. आमी तितं बंदुकीपुढं हुबं ऱ्हातो, पन तुज्याएवडं भीत न्हाई."

आई भाकरी उलटत म्हणाली, "तुमी नगा भिऊ. पन घरात भ्यायला कोनतरी पायजे का नगं?"



पंचाण्णव सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बेदाण्याचा हंगाम ऐन भरात होता. सकाळी आजी स्वयंपाकघर सारवायला बसली आणि वाळूचं मडकं सरकवायला गेली. ते हातातून निसटलं. आतलं गाडगं फुटलं, बाटली चुलीच्या दगडावर आपटली. माझं सकाळचं इंजेक्शन अजून व्हायचं होतं. आजी तशीच शेणाच्या हातांनी बसून राहिली. "लीला, माज्या हातनं गं..." एवढंच म्हणाली.

आई धावत भाऊसोंच्या घरी गेली. दाराला कुलूप. भाऊसोंचं सगळं घर आदल्या दिवशीच इस्लामपूरला लग्नाला गेलं होतं, दोन दिवस परतायचं नव्हतं. गावच्या उपकेंद्रात हे औषध कधीच नसायचं. आणि त्या दिवशी बंद होता. कशासाठीचा बंद ते आता आठवतही नाही. एसटी नाही, दुकानं नाहीत.

आईनं मला आजीच्या हवाली केलं. आकाराम नावाचा आमच्या गावचा ट्रॅक्टरवाला बेदाण्याचे क्रेट घेऊन निघाला होता, त्यानं तिला तासगावच्या वेशीपर्यंत सोडलं. पुढं दगडफेकीच्या भीतीनं तो गेला नाही. आई गल्ल्यागल्ल्यांनी औषधवाल्याच्या घरी पोचली आणि मागचं दार वाजवलं. तो बनियनवरच बाहेर आला. म्हणाला, "ताई, माल कालच संपला. उद्या सांगलीहून येईल."

"उद्यापातूर माजी पोर ऱ्हाती का?"

ओळखीच्या दुसऱ्या दुकानदाराकडं त्यानं माणूस पाठवला. तिथंही नव्हतं.

आई चालत परत निघाली. डांबर तापलेलं, दोन्ही बाजूला बागा, रस्त्यावर एक वाहन नाही. त्या वाटेवर काय झालं हे तिनं मला फार वर्षांनी, एकदाच सांगितलं. "मी देवाला हाक मारत हुते. म्हनलं, माज्या पोरीला राक. आन तुजं नावच आटवंना. पाक इसरलं. निम्मी वाट मी तुजं नाव हुडकत आले."

इकडं माझी तहान वाढत चालली होती. दुपार कलायच्या सुमाराला उलट्या सुरू झाल्या. आजी मला मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजत होती, आणि तेही पोटात ठरत नव्हतं. मला आठवतो तो फक्त छपराचा पत्रा आणि माझा स्वतःचा श्वास, खोल, धाप लागल्यासारखा.

आई उंबऱ्यात आली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि आत आलीच नाही. बागेतल्या शेडमधली पहार घेतली आणि भाऊसोंच्या दाराकडं निघाली. शेजारच्या बायका जमल्या. एक म्हणाली, "आगं लीला, काय करतीस? भावकी हाय ती!"

"भावकी हाय म्हनून तर फोडतीया," आई म्हणाली, आणि कोयंड्यात पहार घातली.

कुलूप तुटलं नाही, कोयंडाच चौकटीतून उपसून आला. आत जाऊन तिनं फ्रीज उघडला. आतला दिवा लागला नाही. गावाला जाताना भाऊसोंनी मेन स्विच बंद केला होता. आत आंबट वास सुटलेला, बाटली हाताला कोमट लागली.

आता ही दुसरी भीती. औषध बिघडलं असेल तर? बिघडलेलं टोचलं आणि पोरीला काही झालं तर? विचारायला कोण होतं? आईनं आमच्या अंगणात येऊन बाटली उन्हाकडं धरली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गढूळ दिसलं तर वापरायचं नाही. बाटली फिरवून फिरवून बघितली. आतलं औषध निर्मळ होतं. तरी तिची खात्री होईना. तिनं बाटली आजीपुढं धरली, "आत्या, तुमी बगा. मला आता काय बी दिसंना झालंय."

आजीची नजर अधू. पण तिनं बाटली डोळ्यांजवळ नेली आणि ठाम आवाजात म्हणाली, "साफ हाय. दे."

आईनं दिलं. मग स्टोव्ह पेटवला आणि नळी धरून बसली. पहिला रंग विटकरी. बऱ्याच वेळानं परत बघितलं, तरी विटकरी. उन्हं उतरली तेव्हा नारिंगी. आजी म्हणाली, "उतरतंय, उतरतंय." दिवेलागणीला पिवळा झाला आणि माझ्या पोटात पाणी ठरायला लागलं. मग एकदा हिरवट छटा आली. आजीनं देवाला हात जोडले. आई मात्र उठून बेदाण्यांचा डबा घेऊन आली आणि माझ्या उशाशी बसली. आता साखर फार खाली जाईल की काय, ही नवी काळजी तिनं सुरू केली होती.

सकाळी एसटी सुरू होताच तिनं मला मिरजेला नेलं. सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, त्या बाटलीनं वाचवलं, नाहीतर पोर हाताला लागली नसती.

आम्ही मिरजेला होतो तोवर आजी भाऊसोंच्या मोडक्या दाराला दोरी बांधून त्यांच्या पायरीवर राखणीला बसली होती. जेवायलाही उठली नाही. भाऊसो आणि धोंडुबाई परतले तेव्हा आम्हीही घरी पोचलो होतो. आई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि काय झालं ते सांगितलं. धोंडुबाई तरातरा आत गेली. भांड्यांचा आवाज यायला लागला. ती फळीवरची भांडी मोजत होती.

तेव्हा आजी पायरीवरून उठली. "मोज, धोंडे, मोज! माज्या सुनंनं तुज्या घरातनं न्येली ती एक बाटली. आन ती बी आमचीच हुती!"

आजी आईच्या बाजूनं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. आईनं मात्र तिचा हात धरला आणि तिला घरी घेऊन आली.

चार दिवसांनी भाऊसो स्वतः आले. पुढच्या सोप्यावर बसले, चहा घेतला आणि खिशातून एक किल्ली काढून आईपुढं ठेवली. "ही दुसरी किल्ली. तुज्याजवळ आसू दे, लीला."

आईनं ती उचलून परत त्यांच्या हातात दिली. "नगं, भावजी. किल्ली हरवली तर, ह्याचा घोर कुटं लावून घिऊ? तसली येळ परत आली तर फोडीन."

भाऊसो हसले. आई हसली नाही. ती खरंच बोलत होती. पुढच्या सुट्टीत वडिलांनी जुना फ्रीज आणला. आईनं नवं मडकंही ठेवलं, कारण विजेचा भरवसा नाही.

नव्याण्णवला मला सांगलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. वडील रिटायर होऊन आले होते. ते म्हणाले, जाऊ दे. आई आठवडाभर नीट जेवली नाही. मग माझ्याबरोबर वसतिगृहावर आली आणि माझ्या खोलीतल्या मुलीला समोर बसवलं. भार्गवी तिचं नाव, वाईची. साखर उतरली की माझा चेहरा कसा होतो, काय द्यायचं, कुणाला बोलवायचं, सगळं तिला दोनदा सांगितलं. भार्गवी म्हणाली, "काकू, काळजी करू नका. मी आहे ना."

"तू हायस गं," आई म्हणाली, "पन तुला झोप कशी लागती? गाढ लागती का?"

पहिले काही महिने आई दर आठवड्याला यायची, डबा घेऊन. माझा चेहरा निरखायची आणि परतीची गाडी धरायची. हळूहळू महिन्यानं यायला लागली. भीती कमी झाली असं नाही. ती एकटीनं सांभाळायची सवय तिनं लावून घेतली.

त्याच वर्षीच्या दिवाळीत मी घरी आले होते. सकाळी एक बाई दारात आली. कडेवर चार-पाच वर्षांची मुलगी, हाडं वर आलेली. मिरजेच्या डॉक्टरांनी आईचं नाव सांगून पाठवलं होतं. बाई पिशवीतून बाटली आणि सुई काढायच्या आधीच रडायला लागली. "मला न्हाई जमायचं, आक्का. माजा हातच थरथरतोय. तुमाला भ्या न्हाई वाटलं का?"

मला वाटलं, आई आता तिला धीर देईल. आईनं स्टोव्ह पेटवला, पातेलं चढवलं.

"मला आज बी वाटतंय," ती म्हणाली. "जा, साबणानं हात धुऊन ये आदी."