पतला चुडा

आमच्या कारेगावातल्या बचत गटात कर्ज नंबरानं मिळतं. जिचा नंबर लागला तिनं कर्ज उचलायचं, धंदा उभा करायचा आणि पहिला हप्ता सगळ्यांच्या देखत सतरंजीवर आणून ठेवायचा. तो ठेवल्याशिवाय पुढच्या बाईचा नंबर हलत नाही. हा नियम कुणी केला ते कुणालाच आठवत नाही, पण अध्यक्ष मावशी त्याच्यापुढं सख्ख्या बहिणीचंही ऐकत नाहीत. माझा नंबर लागला तेव्हा माझ्या मागं होती माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून राहणारी. तिला पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं. नवरा कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, कधी काम असायचं, कधी गेटवरूनच परत यायचा. ती कधीची या नंबराची वाट बघत होती. मी सही केली तेव्हा शेजारीच बसली होती.

"ताई, नीट करा बरं का," ती म्हणाली. "तुमच्या मागं मी हाय."

"घाबरतीस कशाला? पहिला हप्ता नाचत आणून ठेवते बघ."

बोलून गेले. माझं तोंड नेहमीच माझ्या पुढं चालतं.

आमच्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं एक शटर होतं. त्यामागं ह्यांची जुनी मोटरसायकल आणि गॅसची रिकामी टाकी एवढाच संसार होता. तो बाहेर काढला, भिंतीला गुलाबी रंग दिला आणि टिकल्या, रबर, पिना, पावडर, नेलपॉलिश असं सगळं मांडलं. वर पाटी लावली, 'लेडीज जनरल'. पहिल्या दिवशी मी शटर वर केलं तेव्हा त्याच्या खडखडाटानं अख्खी गल्ली जागी झाली असेल. मला तो आवाज इतका आवडला की काही कारण नसताना मी ते परत खाली घेतलं आणि परत वर केलं. हे आतून ओरडले, "आगं बिघडंल ते!" मी म्हटलं, बिघडू दे, माझं हाय.

संक्रांत जवळ आली तशी मागच्या चाळीतल्या बायका दुकानात येऊ लागल्या. ती सगळी चाळ बिहारची. नवरे रांजणगावच्या कंपन्यांमध्ये शिफ्टला जायचे, बायका खोलीत. त्यातली एक बोलकी होती, नाकात मोठी चमकी घालायची. ती एका सकाळी आली आणि म्हणाली, "दीदी, संक्रांति आ रही है. चुडा मँगवा दोगी? तुम तो दौंड से माल लाती हो."

मी एकदम सावरून बसले. चुडा! संक्रांतीला बांगड्या भरायची रीत आमच्यातही आहे, यांच्यातही आहे, हे ऐकूनच मला भरून आलं. उगीच आपण यांना परके समजतो.

"कितने लोगों को होना?" मी विचारलं.

"पूरी चाल को. बिना चुडा के हमारी संक्रांति होती ही नहीं. लेकिन पतला चाहिए दीदी, एकदम पतला. यहाँ सब मोटा-मोटा मिलता है."

"पतलाच लाती मैं."

"और टूटा हुआ मत लाना."

"एक पण टूटा निकला तो पैसा मत देना," मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

रंग मी विचारला नाही. चुडा हिरवाच असतो, त्यात विचारायचं काय?

दुसऱ्या दिवशी न्हावरे, चौफुला करत एसटीनं दौंड गाठलं. तिथं स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत एका म्हाताऱ्या कासाराचं होलसेल दुकान आहे. मी पातळ काचेचा हिरवा चुडा मागितला तसं त्यानं चष्म्यावरून बघितलं. "एवढा? कुणाचं सामुदायिक लगीन हाय का?" मी म्हटलं, "आबा, गिऱ्हाईक पक्कं हाय. तुम्ही द्या." त्यानं आधीच बजावलं की काचेचा माल परत घेत नाही. मी ते एका कानानं ऐकलं. कर्जातलं जे काही शिल्लक होतं ते सगळं मी त्या पेट्यांत घातलं. बाहेर पडताना मला वाटत होतं की आता आपल्याला कुणीच अडवू शकत नाही.

परतीच्या एसटीत पेट्या मांडीवर घेऊन बसले. प्रत्येक गतिरोधकाला माझा जीव वर जायचा. शेजारच्या आप्पांनी विचारलं, "काय हाय गं पोरी, अंडी का?"

"अंड्याहून नाजूक हाय आप्पा."

त्यांनी बिचाऱ्यांनी आपली कांद्याची पिशवी पायाशी घेतली आणि मला जागा करून दिली. घरी येऊन बघते तर एकही बांगडी वाढली नव्हती. फुटली असं बांगडीबद्दल बोलायचं नसतं आमच्यात, वाढली म्हणायचं. मी आनंदानं सगळ्या गल्लीला सांगून आले.

संध्याकाळी चाळीतल्या बायका आल्या. घोळकाच. कडेवर पोरं, हातात रिकामे डबे. डबे कशाला आणलेत, हे तेव्हा तरी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी पेटीचं झाकण उघडलं आणि हिरवीगार काच त्यांच्यासमोर धरली.

पुढची बाई डब्याचं झाकण काढता काढता थांबली.

"दीदी, ये क्या है?" चमकीवालीनं विचारलं.

"चुडा."

"ये तो चूड़ी है."

"व्हय, तेच की."

तिनं डाव्या हाताची वाटी केली, त्यात उजव्या हातानं काहीतरी कालवलं आणि तोंडात घातल्यासारखं केलं. "खाने का चुडा, दीदी. दही में डालके. गुड़ के साथ."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. "पोहे? पोहे म्हणतात ओ त्याला! पातळ पोहे!"

"पोहा नहीं दीदी," ती शांतपणे म्हणाली, "चुडा."

"मग चावा आता ह्या बांगड्या!" मी ओरडले. त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण सगळ्या हसायला लागल्या. एकीनं तर हसता हसता पोर दुसरीकडं दिलं आणि खाली बसली. मला इतका राग आला की मी त्यांच्या तोंडावर शटर खाली ओढलं. मग आत एकटीच बसले आणि हप्ता आठवला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गटाची मीटिंग होती.

सकाळी उठून पेट्या बाहेर मांडल्या. म्हटलं, आपल्या बायका तर घेतील. आपल्याकडंही संक्रांतच आहे. बायका थांबल्या, काच उन्हात धरून बघितली, आणि हात पुढं केला. "भरा की."

"भरता येत न्हाई मला. घरी नेऊन भरा."

हात मागं गेले. एकजात सगळ्यांचे. हिरवी बांगडी कुणी घरी नेऊन आपल्या हातानं भरतं का? ती दुसऱ्याच्या हातून भरून घ्यायची असते. कासारानं पंजा हातात घेऊन दाबायचा, आपण 'आई गं' म्हणायचं, तेव्हा कुठं सण झाल्यासारखा वाटतो. मी आयुष्यभर बांगड्या भरून घेतल्या आणि दुकान टाकताना एवढी साधी गोष्ट विसरले. पावडर-टिकलीसारखी बांगडीही नुसती उचलून द्यायची, असं धरून चालले होते.

दुपारी शेजारीण आली. तिला कळलं नसेल तर नवल. शटरचा आवाज जसा गल्लीभर जातो तशी बातमीही जाते. ती पेट्यांकडं बघत उभी राहिली.

"किती हायेत?"

"सगळं कर्ज हाय ह्यात."

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर मीही भांडले असते आणि मोकळी झाले असते. पण ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. तिचा नंबर माझ्या या पेट्यांत अडकला होता, आणि ते तिला मी सांगायची गरज नव्हती. मला त्या वेळी खरोखर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग ती खाली बसली. म्हणाली, "एक पेटी द्या हिकडं. आन् हात."

"आता बांगड्या भरायची हौस हाय का मला?"

"द्या म्हणते ना."

तिनं माझा पंजा आपल्या हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी कुठंतरी दाबलं, बोटं एकत्र केली आणि बांगडी अशी सरकन मनगटावर आली की मला 'आई गं' म्हणायलाही सवड मिळाली नाही. मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले.

"आमची अम्मी मणेरीण हुती," ती म्हणाली. "बांगड्यांचं टोपलं घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरायची. मी तिच्या मागनं. लग्नानंतर सुटलं. सासरी कुणी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

"मग पिको-फॉल कशाला शिकलीस गं?"

"सगळ्या शिकत हुत्या म्हणून."

मी पोतं अंथरलं, ती शटरसमोर बसली आणि मी गल्लीत शिरून हाका मारायला सुरुवात केली. हाका मारण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. पहिली आली, मग तिची जाऊ आली, मग समोरच्या बिल्डिंगीतल्या सगळ्या. दुसऱ्या दिवशी भोगी. बायका डोक्यावरून न्हाऊन ओल्या केसांनीच रांगेला लागल्या. ती हात बघूनच माप सांगायची आणि मी पेटीतून काढून द्यायची. "हात सैल सोडा मामी. घट्ट करताय कशाला, भांडायला आलाय का?" ती अशी बोलते हे मला तोवर माहीतच नव्हतं. एरवी तिच्या तोंडातून शब्द काढायला सांडशी लागायची. माझं लक्ष सारखं पेट्यांकडं. झाकणं उघडत होती, तळ दिसत होते आणि मला आतून उकळ्या फुटत होत्या.

हातात पैसे आले तसे मी ह्यांना मोटरसायकलवर दौंडला पिटाळलं. ते पातळ पोह्यांची पोती मागं बांधून आले. चाळीत निरोप गेला आणि सगळ्या परत हजर, डबे घेऊन. त्यातल्या एका नव्या नवरीनं हळूच हात पुढं केला. चमकीवाली म्हणाली, हरी चूड़ी तो सावन में पहनते हैं. पण नवरीनं बांगड्या भरल्या, आणि मग सगळ्यांनीच भरल्या. संक्रांतीच्या सकाळी त्यांनी वाटी भरून दही-चुडा दिला. घास घेतला तर काय, हे तर आपले दहीपोहे! एवढ्यासाठी माझा जीव जायचा राहिला होता.

मात्र माझ्या लक्षात राहिली ती भोगीची दुपार. न्हावऱ्याहून लेकीकडं आलेली एक म्हातारी बसली होती. तिचे दोन्ही हात भरून झाले. बांगड्या भरल्या की भरणाऱ्याला नमस्कार करायची रीत आहे. म्हातारीनं कोण, काय, काही बघितलं नाही. सवयीनं वाकली आणि माझ्या शेजारणीच्या पायाला हात लावून उठली. शेजारीण तशीच बसून राहिली. पुढच्या बाईनं हात पुढं धरला होता, तरी तिला दिसेना. मी कोपरानं ढोसलं तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माप सांगितलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी किंक्रांत. त्या दिवशी कुणी चांगलं काम काढत नाही, पण मावशी म्हणाल्या, हप्त्याला करिदिन लागत न्हाई. मी हप्ता सतरंजीवर ठेवला. नाचले नाही, पण अंगात आलं होतं खरं. मावशींनी पैसे मोजून कनवटीला लावले आणि शेजारणीकडं वळल्या.

"चला, तुझा नंबर. मशीनचं कोटेशन आणलंस का?"

"मशीन नको मला," ती म्हणाली. "बांगड्या भरायच्यात."

मावशींचा आवाज चढला. "आगं, बांगड्यांपायीच ही बुडत हुती की! तुझ्या डोळ्यांदेखत!"

"त्या बुडत हुत्या," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलंही नाही, "कारण त्यांना बांगड्या नुसत्या इकता येत्यात. मला भरता येत्यात."

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला. मावशींनी मंजुरीसाठी हात वर करायला सांगितलं तेव्हा बाकीच्या एकमेकींच्या तोंडाकडं बघत होत्या. पहिला हात माझा होता.