पाहुण्यांना चालायला कसं सांगायचं

दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात मी दर रविवारी ओतूरहून आहुप्याला जात असे. काम सर्वेक्षणाचं. देवराई आणि कडा बघायला येणाऱ्या गाड्या गावात कमी कशा करता येतील, हे पर्यटकांनाच विचारायचं. गाड्या नेमक्या एसटी वळते तिथेच लावल्या जात. वळायला जागा मिळाली नाही तर रविवारची एसटी खालच्या फाट्यावरूनच परत फिरवीन, असं ड्रायव्हरने बजावलं होतं.

माझ्या जोडीला गावातलीच एक बाई होती. तिची मुलगी घोडेगावला वसतिगृहात राहून शिकायची आणि रविवारी त्याच एसटीने परत जायची. म्हणजे या कामाची गरज सगळ्यांत जास्त तिलाच. तरीही तिने विचारलेल्या प्रत्येकाचं उत्तर ‘नाही’! असं कसं, म्हणून मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

"पावणं, गाडी गावाबाहेर ठिवून चालत याल का?" इथवर ठीक. पण समोरच्यांनी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, "नका येऊ, लेकरू लहान हाय. दमाल उगं."

मी तिला बाजूला घेतलं. "अहो, तुम्ही विचारताय की उत्तर देताय?"

"मग काय करू, ताई? दारात आलेल्या पावण्याला चालत ये म्हनू? जीभ रेटत न्हाई."

"आणि एसटी?"

"ती बी पायजेच की."

तेवढ्यात एसटी आलीच. वळायला जागा नाही. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मावशी, आज कशीबशी मागं घेतो. पुढच्या रविवारी गाडी वर येनार न्हाई!" मुलगी पिशवी धरून आईकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "पाहुण्याला चाल म्हणता येत नाही, पण घरी ये म्हणता येतं ना?" बाईचं घर गावात शिरतानाच पहिलं. भात झोडून झालेलं, खळं रिकामं पडलेलं; गाडी तिथे लावली की पुढे पायीच.

तिने पदर खोचला आणि गाडीगणिक सांगत सुटली, "गाडी आमच्या खळ्यात लावा आन् चहा घिऊन जावा. न्हाई म्हनायचं न्हाई!"

एक पुणेकर गृहस्थ म्हणाले, "पण आत्ता तर चालू नका म्हणालात!"

"चहा पिल्यावर मानूस दमत न्हाई, राव."

गाड्या हलल्या. दूध मध्येच संपलं, उरलेल्यांना कोरा चहा मिळाला. तक्रार कुणी केली नाही. एसटी एका दमात वळली, मुलगी खिडकीशी बसली.

"मावशी, मला न्हाई व्हय चहा?" ड्रायव्हरने विचारलं.

"पुढल्या रविवारी. वर आलात तर!"

सर्वेक्षणाच्या कागदावरचा जुना प्रश्न मी खोडला आणि तिथे बाईचं वाक्य लिहिलं. पुढच्या रविवारी एसटी वर आली. ड्रायव्हरने आधी चहा घेतला, मग गाडी वळवली.